वाया जाणारा प्रकाश

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाताना बिद्री हे गाव लागते. कागल तालुक्यातील हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वदूर परिचित झाले आहे. गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि आसमंतात रसाचा गोड, उग्र वास भरून राहतो. एक टन उसापासून या भागात सुमारे १२० किलो साखर मिळते. म्हणजे उसाच्या वजनाचा आठवा हिस्साही साखर होत नाही. मग बाकीच्या उसाचे होते तरी काय? रस काढल्यावर उरलेले चिपाड बॉयलरच्या भट्टीत जाते. त्याच्या आचेने झालेल्या वाफेवर यंत्रे फिरतात आणि वीजही निर्माण होते. साखरेचे दाणे वेगळे केल्यावर जी काळी, दाट मळी मागे राहते, तिच्यापासून मद्यार्क करतात. रस गाळताना निघालेला गाळ खत होऊन शेतात परत येतो. उसाचे हिरवे वाडे तर कारखान्यापर्यंत पोहोचतही नाही. ते आधीच गुराढोरांच्या दावणीत पडलेले असते.

ही काटकसर कारखान्याने नव्याने शोधून काढलेली नाही. कारखाने येण्यापूर्वीपासून या भागात गुऱ्हाळे चालत आली आहेत. गुऱ्हाळात काहिलीमध्ये ज्या उसाचा रस उकळतो, त्याच उसाचे वाळलेले चिपाड खाली चुलवणात जळत असते. कोंड्याचा मांडा करणे ही म्हण शेतकऱ्याने पुस्तकात वाचून शिकलेली नाही. ती त्याच्या रोजच्या व्यवहारातून जन्मली आहे. त्याच्या दृष्टीने काम झाल्यावर मागे राहते ते ‘उरलेले’ असते, ‘टाकाऊ’ नसते.

हा नियम शेतापुरताच खरा आहे काय? कोल्हापूर जिल्ह्यातील खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या तरुण सैन्यात जात आले आहेत. त्यांच्या हाती असणाऱ्या साहित्यातही पुष्कळ काही जुने होते, वापराविना उरते आणि शेवटी नष्ट केले जाते. त्यांपैकी एका वस्तूचा विचार येथे करावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे प्रकाशगोळा. सैनिकांच्या बोलण्यात तो ‘फ्लेअर’ या इंग्रजी नावाने ओळखला जातो.

अंधाऱ्या रात्री समोरच्या डोंगरावर शत्रूची हालचाल आहे की काय, हे सैनिकाला पाहावयाचे असते. अशा वेळी उखळी तोफेतून किंवा पिस्तुलासारख्या साधनातून प्रकाशगोळा आकाशात सोडतात. मोठा गोळा उंच गेल्यावर उघडतो, त्यातून एक लहानशी हवाई छत्री बाहेर पडते आणि तिला टांगलेली प्रकाशाची कांडी जळत जळत सावकाश खाली येते. लाखो मेणबत्त्या एकदम लावाव्यात तसा तो उजेड असतो. काही सेकंद, फार तर मिनिटभर, खालचा मुलूख दिवसासारखा दिसतो आणि पुन्हा काळोख पसरतो. याहून लहान गोळे खुणेसाठी असतात. समुद्रात संकटात सापडलेले जहाज तांबडा प्रकाश सोडून मदत मागते. म्हणजे प्रकाशगोळा हे नेहमीच मारण्याचे साधन नसते. पुष्कळदा ते जीव वाचविण्याचे साधन असते.

या कांडीत असते तरी काय? पांढरा प्रकाश देणाऱ्या गोळ्यात मुख्यतः मॅग्नेशियम या धातूची भुकटी आणि सोडियम नायट्रेट हे क्षार असतात. मॅग्नेशियम जळते आणि त्याला जळण्यास लागणारा प्राणवायू सोडियम नायट्रेट पुरविते. ही दोन द्रव्ये डिंकासारख्या एखाद्या चिकट पदार्थाने घट्ट बांधलेली असतात. तांबडा प्रकाश हवा असेल तर स्ट्राँशियमचे क्षार घालतात आणि हिरवा हवा असेल तर बेरियमचे. मॅग्नेशियम, स्ट्राँशियम आणि बेरियम ही तिन्ही मूलद्रव्ये हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०८ या एकाच वर्षी प्रथम वेगळी करून दाखविली. प्रकाशाच्या कामी ही तिन्ही पुन्हा एकत्र आली, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

दिवाळीत अंगणात लावलेल्या झाडाचा पांढरा फुलोरा, आकाशात फुटणाऱ्या बाणाचे तांबडे-हिरवे तारे आणि सीमेवरचा प्रकाशगोळा ही एकाच कुळातील भावंडे आहेत. द्रव्ये बहुतांशी तीच, नियम तेच. फरक प्रमाणाचा आणि हेतूचा. म्हणूनच एकाच्या उरलेल्या द्रव्यातून दुसऱ्याची गरज भागू शकेल काय, हा प्रश्न सहज सुचतो.

प्रकाशगोळा कायमचा टिकत नाही. मॅग्नेशियमला ओलावा सोसत नाही. हवेतील दमट अंश आत शिरला म्हणजे धातूच्या कणांवर पुटे चढतात आणि थोडा थोडा हायड्रोजन वायू बाहेर पडू लागतो. बांधणारा पदार्थ सुकतो, कांडीला चिरा जातात. चिरा गेलेली कांडी सावकाश जळण्याऐवजी एकदम भडकू शकते किंवा ऐन वेळी पेटतच नाही. सैनिकाचा जीव अशा वस्तूवर सोपविता येत नाही. म्हणून ठरावीक वर्षे झाली की तपासणी होऊन जुना माल बाजूला काढला जातो.

बाजूला काढलेल्या मालाचे आजवर जगभर बहुधा एकच करीत आले आहेत. गावापासून दूर, मोकळ्या मैदानावर तो नेतात आणि जाळून किंवा स्फोट घडवून नष्ट करतात. काही क्षणांत ढीग नाहीसा होतो आणि जबाबदारी संपली असे वाटते. परंतु ती खरोखरच संपते काय? मॅग्नेशियम समुद्राच्या पाण्यातून किंवा डोलोमाइटसारख्या खडकातून काढावे लागते आणि त्यासाठी अतिशय उष्णता वा वीज खर्ची पडते. जगातील बहुतांश मॅग्नेशियम आज एकट्या चीनमध्ये तयार होते. इतर देशांना ते विकत घ्यावे लागते. एवढ्या कष्टाने मिळविलेला धातू कोणालाही उजेड न देता भर दुपारी माळावर जळून जातो. त्याबरोबर स्ट्राँशियम जाते, नायट्रेट जाते, गोळ्याचे कवच जाते. मागे राहतो तो धूर आणि मातीत मुरलेले क्षार. पावसाळा आला की ते क्षार मातीतून झऱ्याकडे आणि विहिरीकडे चालू लागतात.

मोकळ्या माळावर जुना दारूगोळा नष्ट करणे हे सुरक्षित असते, असा एक समज आहे. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे सैन्याचे मोठे दारूगोळा भांडार आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी तेथील मैदानावर जुना, मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरविला जात असता स्फोट झाला आणि सहा माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत आसपासच्या गावांतील मजूर होते. ते सैनिक नव्हते आणि ती लढाईची वेळही नव्हती. दिवसाच्या मजुरीसाठी ते पेट्या उतरवीत होते. त्यांच्या घरी त्या दिवशी जे घडले, ते कोणत्याही हिशेबाच्या वहीत लिहिले जात नाही. जुन्या दारूगोळ्याचा शेवट कसा करावा, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा नाही. तो पोटासाठी राबणाऱ्या माणसांच्या जिवाचा आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

मग दुसरा मार्ग कोणता? इतिहासात डोकावले तर असे दिसते की, दारूचा जन्मच मुळी उरलेल्या वस्तूंतून झाला आहे. जुनी काळी दारू सोरा, गंधक आणि कोळसा या तीन वस्तूंची असे. त्यांपैकी सोरा भारतात, विशेषतः बिहारमध्ये, जुन्या वस्त्यांच्या आणि गोठ्यांच्या आसपासची माती धुऊन काढीत. शेण-मूत्र मुरलेल्या ज्या मातीकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते, तिच्यातून हे मोलाचे क्षार निघत आणि जहाजे भरभरून युरोपात जात. भारतातील शोभेच्या दारूचा इतिहास पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील विद्वान प. कृ. गोडे यांनी जुन्या ग्रंथांच्या आधारे १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. कौतुकाने आकाशाकडे पाहणाऱ्या पिढ्यांचा हा वारसा किती जुना आहे, हे त्यावरून कळते.

युद्धाचे साहित्य शांततेच्या कामी लावण्याचे प्रयोगही पूर्वी झाले आहेत. पहिले महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेत न वापरलेल्या स्फोटकांचे प्रचंड साठे शिल्लक राहिले. तेथील शेतकी खात्याने १९२० नंतरच्या दशकात त्यांपैकी पुष्कळ स्फोटके शेतकऱ्यांना पुरविली. शेतकऱ्यांनी ती झाडांचे बुंधे आणि खडक उडविण्यासाठी वापरली आणि पडीक जमीन लागवडीखाली आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर बाँबसाठी अमोनियम नायट्रेट तयार करणारे कारखाने तेच द्रव्य खत म्हणून तयार करू लागले. तलवारीचा फाळ करावा, असे म्हणतात. येथे तर फाळाला लागणारे खतही त्याच भात्यातून निघाले.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती लपविणे योग्य नव्हे. १६ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी या बंदरात ‘ग्रँडकँप’ नावाच्या जहाजावर अशाच कारखान्यांतून आलेले नायट्रेटचे खत भरलेले होते. जहाजावर आग लागली. खतच आहे, त्यात काय एवढे, असे समजून पुष्कळ लोक ती पाहण्यासाठी धक्क्यावर जमले. थोड्याच वेळात जहाज फुटले आणि त्या दुर्घटनेत सुमारे ५८० माणसे मरण पावली. नाव बदलले म्हणून वस्तूचा स्वभाव बदलत नाही. दारूगोळ्याला खत म्हटले काय किंवा खेळणे म्हटले काय, त्याच्या अंगची आग जशीच्या तशी राहते.

या अनुभवावरून काही लोक असे म्हणतील की, असल्या भानगडीत पडूच नये. जुना गोळा उघडणे म्हणजे निजलेल्या वाघाला डिवचणे होय. हा आक्षेप वजनदार आहे, कारण जळते मॅग्नेशियम सुमारे तीन हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि त्यावर पाणी ओतले तर ते विझण्याऐवजी अधिकच भडकते. तथापि हा आक्षेप मोकळ्या माळावर जाळण्याच्या रीतीलाही तितकाच लागू पडतो. तेथेही माणसांना पेट्या उचलाव्या लागतात, मांडाव्या लागतात, पेटवाव्या लागतात. प्रश्न धोका पत्करावा की न पत्करावा, असा नाही. धोका गोळा तयार झाला त्या दिवशीच पत्करलेला आहे. तो ज्ञानाने आणि बंदोबस्ताने हाताळावा की घाईने उरकावा, एवढाच प्रश्न उरतो.

ज्ञानाने हाताळण्याची रीत अशी असते. प्रथम प्रत्येक गोळ्याची जात, वय आणि त्यातील द्रव्ये यांची नोंद पाहून वर्गवारी करावयाची. जो गोळा हलविणेच धोक्याचे आहे, तो उघडण्याचा हट्ट धरावयाचा नाही. उरलेले गोळे जाड भिंतीआड ठेवून, माणसाला दूर उभे करून, यंत्राच्या हाताने उघडावयाचे. पेटवणारा भाग आणि प्रकाशाची कांडी वेगळी करावयाची. बांधणारा पदार्थ योग्य द्रावणात सैल करावयाचा. सोडियम नायट्रेट पाण्यात विरघळते, मॅग्नेशियम विरघळत नाही. म्हणून ती दोन्ही एकमेकांपासून सोडविता येतात. मात्र मॅग्नेशियम पाण्यात फार वेळ राहिले तर हायड्रोजन निघू लागतो, म्हणून हे काम वेळेच्या आणि रसायनाच्या काटेकोर हिशेबाने करावे लागते. शेवटी जो भाग कशाच्याही उपयोगाचा राहत नाही, तो बंद भट्टीत जाळून त्याचा धूर गाळून सोडावयाचा.

बंद भट्टी ही केवळ कल्पना नाही. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कँप मिंडेन येथे लाखो किलो जुनी तोफेची दारू निष्काळजीपणे साठविली गेली होती. २०१२ मध्ये तेथे मोठा स्फोट झाला. उरलेली दारू मोकळ्यावर जाळून टाकावी, असे प्रथम ठरत होते. परंतु आसपासच्या नागरिकांनी त्याला विरोध केला. शिक्षक, डॉक्टर, आईबाप सभांना गेले, त्यांनी प्रश्न विचारले आणि दुसरा उपाय मागितला. अखेर धूर शुद्ध करणारी बंद भट्टी तेथे बसविण्यात आली व २०१६ पासून त्या भट्टीत ती दारू नष्ट करण्यात आली. जागरूक लोकांनी सभ्यपणे, पण ठामपणे प्रश्न विचारले तर अधिक चांगला मार्ग सापडतो, याचे हे उदाहरण आहे.

आता शोभेच्या दारूकडे वळू या. नागपूर येथे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था ‘नीरी’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांनाच परवानगी द्यावी आणि बेरियमचे क्षार फटाक्यांत वापरू नयेत, असा निर्णय दिला. त्याच सुमारास नीरीच्या पुढाकाराने शास्त्रज्ञांनी ‘हरित फटाके’ सिद्ध केले. त्यांच्या काही प्रकारांत जळताना पाण्याची वाफ सुटेल अशी योजना असते, त्यामुळे धूळ दबते. काहींत ॲल्युमिनियम कमीत कमी वापरलेले असते. अशा फटाक्यांतून निघणारी धूळ नेहमीच्या फटाक्यांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी असते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात धरावयास हवी. ३० टक्के कमी म्हणजे ७० टक्के शिल्लक. ‘हरित’ या शब्दाचा अर्थ ‘निर्दोष’ असा नव्हे.

जुन्या प्रकाशगोळ्यांतील द्रव्ये या हरित दारूकामाला द्यावीत, अशी कल्पना ऐकताच मन आनंदते. एका दगडात दोन पक्षी, असे वाटते. परंतु येथेच विवेकाची खरी गरज आहे. जुन्या गोळ्यात चांगली द्रव्ये असतात, तशी वाईटही असतात. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी आहेत. पुष्कळ गोळ्यांत पोटॅशियम परक्लोरेट असते. ते पिण्याच्या पाण्यात उतरले तर गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेण्यास अडथळा करते. रंग खुलविण्यासाठी क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकही घातलेले असते आणि ते जळले म्हणजे घातक वायू निर्माण होतात. ही द्रव्ये फुकट मिळाली म्हणून मुलांच्या फटाक्यांत भरली, तर त्याला काटकसर म्हणता येणार नाही. सोन्याची सुरी झाली म्हणून ती कोणी उरात मारून घेत नाही. जे विष आहे ते जुने झाले, पुन्हा वापरले किंवा हिरव्या कागदात गुंडाळले, तरी विषच राहते.

म्हणून या बाबतीत योग्य धोरण असे असावे. मॅग्नेशियम, नायट्रेट आणि धातूचे कवच यांसारखी जी द्रव्ये सोडवून, शुद्ध करून, तपासून घेता येतात, ती अवश्य वाचवावीत. त्यांचा पहिला उपयोग सैन्याच्याच सरावातील प्रकाशगोळ्यांसाठी आणि खुणेच्या दिव्यांसाठी व्हावा, कारण तेथे त्यांचा हिशेब ठेवणे सोपे असते. जे त्या कसोटीला उतरणार नाही, पण धातू म्हणून चांगले आहे, ते मिश्रधातू तयार करणाऱ्या उद्योगांना द्यावे. त्यानंतर जे उरेल, त्यातील अगदी निवडक आणि परीक्षा झालेलेच द्रव्य शोभेच्या दारूकडे जावे. बेरियम आणि परक्लोरेट मात्र त्या वाटेने कधीही जाऊ नयेत. त्यांची व्यवस्था बंद जागीच व्हावी. बेरियमवाचून हिरवा रंग कसा मिळणार, असे कोणी विचारील. अमेरिकेतील पिकॅटिनी येथील सैनिकी संशोधकांनी बेरियमऐवजी बोरॉन कार्बाइड वापरूनही हिरवा प्रकाश मिळतो, हे २०११ च्या सुमारास दाखवून दिले आहे. वाट शोधणाऱ्यास वाट सापडते.

महाराष्ट्राने या कामात पुढाकार घ्यावा, अशी अपेक्षा अवाजवी नाही. खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. देहूरोडच्या आयुध निर्माणीत प्रकाश आणि धूर देणारा दारूगोळा तयार होतो. पुण्याच्या उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेत स्फोटके, अग्निबाणांची इंधने आणि प्रकाश देणारी मिश्रणे यांवर संशोधन चालते. नागपुरात नीरी आहे आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्य कार्यालयही आहे. गोळा करणारे, त्याचा अभ्यास करणारे, हवापाणी तपासणारे आणि नियम पाळले जातात की नाही हे पाहणारे, असे चारही घटक एकाच राज्यात नांदत आहेत. त्यांनी एकत्र बसून जुन्या गोळ्याची व्यवस्था ठरविली, तर साऱ्या देशाला तो धडा होईल.

यावर खर्चाचा आक्षेप उरतो. नवे मॅग्नेशियम विकत घेणे कदाचित स्वस्त पडेल आणि जुने सोडविणे महाग, असे व्यवहारी माणूस म्हणेल. त्याचे म्हणणे काही वेळा खरेही ठरेल. परंतु हिशेब मांडावयाचा तर तो पुरता मांडावा. माळावर जाळण्याचा खर्च लिहिताना केवळ काडी आणि गाडीभाडे लिहून चालणार नाही. विहिरीत उतरलेले क्षार, मजुराच्या छातीत गेलेला धूर, पुलगावसारख्या घटनेने पोरकी झालेली मुले, यांचा रकाना वहीत कोठे आहे? ज्या खर्चाचे बिल येत नाही, तो खर्च होतच नाही, असे समजणे ही आत्मवंचना होय.

शिवाय खर्च कमी करण्याचा एक उपाय हाती आहे. नवा गोळा तयार करतानाच तो पुढे सुखरूप उघडता येईल, असा त्याचा आराखडा करावा. त्यावर आतील द्रव्यांची स्पष्ट नोंद असावी. साखर कारखाना उभारताना चिपाडाची भट्टी आराखड्यातच धरलेली असते. उसाचा शेवट ज्याला ठाऊक असतो, तोच कारखान्याचा आरंभ नीट करू शकतो. दारूगोळ्याच्या बाबतीतही तोच न्याय लागू करावयास हवा.

दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानांभोवती गावे आहेत, ही गोष्टही विसरता येत नाही. त्या गावांतील लोकांना काय जाळले जाते, केव्हा जाळले जाते आणि पाणी तपासले आहे की नाही, हे कळले पाहिजे. पितळ, ॲल्युमिनियम वा लोखंड विकून चार पैसे मिळतील, या आशेने माणूस अशा मैदानाकडे वळतो. त्याला नुसते रागावून भागत नाही. त्याच्या हाताला सुरक्षित काम द्यावे लागते. गोळे उघडण्याचे शास्त्रशुद्ध कारखाने निघाले, तर त्यांत काम करणारा मजूर प्रशिक्षित असेल, त्याला योग्य कपडे, विमा आणि मान मिळेल. धातू वाचविण्यापेक्षाही हा लाभ मोठा आहे.

शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींचे या बाबतीत कर्तव्य काय? पहिले कर्तव्य सावधपणाचे आहे. शेतात, नदीकाठी किंवा भंगारात नळकांड्यासारखी अनोळखी वस्तू आढळली, तर तिला हात लावू नये, ती उचलू नये, तिच्यावर दगड मारू नये. दूर होऊन मोठ्या माणसांना आणि पोलिसांना कळवावे. फटाक्यांतील दारू काढून घरी प्रयोग करणे हे धाडस नसून अविचार आहे. द्रव्ये वेगळी करण्याचे काम ज्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे, त्यांचेच होय. दुसरे कर्तव्य संयमाचे आहे. धूर कमी करण्याचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे फटाके कमी उडविणे. पणतीच्या उजेडाने दिवाळीला उणेपणा येत नाही.

तिसरे कर्तव्य प्रश्न विचारण्याचे आहे. कोणतीही वस्तू हाती आली म्हणजे ती कोठून आली, हे विचारण्याची सवय शाळेत लागते. ती पुढे कोठे जाणार, हे विचारण्याची सवयही तितकीच आवश्यक आहे. आजचे शतक वस्तू निर्माण करण्यात पारंगत झाले आहे. त्या वस्तूंना योग्य रीतीने निरोप देण्याचे शास्त्र मात्र अजून बाल्यावस्थेत आहे. ते वाढविण्यासाठी रसायनशास्त्र जाणणारे, यंत्रे घडविणारे आणि माणसाच्या जिवाची किंमत ओळखणारे तरुण लागतील. ज्या राष्ट्राचे सैनिक रात्री जागून सीमा राखतात, त्या राष्ट्राने त्यांच्या हातचा उरलेला प्रकाश माळावर उधळून टाकू नये आणि त्यातील विष आपल्याच मुलांच्या अंगणात आणू नये. चांगले ते वेचून घ्यावे, वाईट ते बंदिस्त करावे आणि या दोहोंतील भेद ओळखण्यासाठी अभ्यास करावा.